'सत्तर वेळा सात'च्या आधीची सहा वचनं

ख्रिस्ती घरात भांडण मिटवायला कोणी वडीलधारं माणूस येऊन बसलं की चहा यायच्या आत एक आकडा येतो : सत्तर वेळा सात. येशूचा शिष्य पेत्र याने त्याला विचारलं होतं, माझ्या भावाने माझा अपराध केला तर मी त्याला किती वेळा क्षमा करावी? सात वेळा? येशू म्हणाला, सात वेळा नव्हे, सत्तर वेळा सात. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातली ही एकविसावं आणि बाविसावं अशी दोन वचनं. ती ठाऊक नाहीत असा ख्रिस्ती माणूस विरळाच.

त्याच अध्यायातली पंधरा ते वीस ही वचनं मात्र सहसा कोणाच्या तोंडी येत नाहीत. तिथे येशू म्हणतो, तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर जा, तो एकटा असताना त्याचा अपराध त्याच्या पदरात घाल. त्याने ऐकलं तर तुला तुझा भाऊ मिळाला. नाही ऐकलं तर आणखी एकदोघांना सोबत ने, म्हणजे साक्षीदार होतील. त्यांचंही ऐकलं नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या समुदायाला, सांग. मंडळीलाही जुमानलं नाही तर तो तुला परक्यासारखा होवो. आधी तोंडावर सांगणं, मग साक्षीदार, मग चारचौघांत, आणि शेवटी वेळ आलीच तर अंतर राखणं. पेत्राचा प्रश्न येतो तो हे सगळं ऐकून झाल्यावर. आपण मधूनच पुस्तक उघडतो आणि थेट एकविसाव्या वचनावर बोट ठेवतो.

असं केल्यामुळे आपल्या घरांत आणि मंडळ्यांत क्षमेचा व्यवहार उलटा झाला आहे, असं माझं म्हणणं आहे. जिथे हसून सोडून द्यायला हवं तिथे आपण वीस-वीस वर्षं अबोला धरतो. आणि जिथे जाब विचारायला हवा, तिथे ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच क्षमेचा उपदेश करतो. पहिली गोष्ट हास्यास्पद आहे. दुसरी धोक्याची आहे.

आधी हास्यास्पद गोष्टीकडे पाहू. लूकच्या सतराव्या अध्यायात हाच विषय थोड्या वेगळ्या शब्दांत आला आहे. तुझ्या भावाने दिवसातून सात वेळा तुझा अपराध केला आणि सात वेळा तुझ्याकडे येऊन 'मला पश्चात्ताप झाला आहे' असं म्हटलं तर त्याला क्षमा कर. दिवसातून सात वेळा आपला अपराध कोण करू शकतं? परका माणूस दिवसातून सात वेळा भेटतच नाही. दुकानदार नाही, गावचा सरपंच नाही, साहेबसुद्धा नाही. सात वेळा अपराध करायला माणूस एकाच छपराखाली राहणारा लागतो. ओला टॉवेल गादीवर टाकणारा नवरा, कालवणात मीठ कमी पडलं हे चौघांसमोर सांगणारी सासू, आईने हाक मारली की कानात इअरफोन खुपसणारा मुलगा. हे वचन अशा घरातल्या किरकिरीचं आहे. आणि त्यात पश्चात्तापाची परीक्षाही घ्यायला सांगितलेली नाही. तो 'चुकलो' म्हणाला, पुरे. सकाळपासून सात वेळा चुकलेला माणूस आठव्यांदा चुकणार हे येशूलाही कळत असणारच. तरीही त्याच्या शब्दावर विश्वास ठेव, असं तो सांगतो.

नेमकी हीच क्षमा आपल्याला जमत नाही. कुठल्याही पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या वस्तीत, चौकशी करा, एकमेकांशी न बोलणाऱ्या घरांची यादी निघेल, आणि कारणं विचारलीत तर सांगणाऱ्यालाच लाज वाटेल. लग्नपत्रिकेत काकांचं नाव राहिलं. बाप्तिस्म्याला गॉडमदर म्हणून मोठीला सोडून धाकटीला उभं केलं. लग्नातल्या उंबराच्या पाण्याच्या विधीला बोलावणं आलं नाही. शेवग्याची फांदी कुंपणापलीकडे गेली आणि शेंगा पलीकडच्यांनी काढल्या. ज्यावरून सुरुवात झाली ते विरून जातं, अबोला मात्र पुढच्या पिढीकडे वारशाने जातो. मुलांना कारण माहीत नसतं, पण त्या घरी जायचं नाही एवढं पक्कं ठाऊक असतं.

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, तर ह्याचं प्रात्यक्षिकच होतं. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना सगळे मिळून म्हणतात. आम्ही आमच्या अपराध्यांना जशी क्षमा करतो तशी तू आम्हांला कर, असं स्वतःच्या तोंडाने कबूल करतात. लगेच पुढे फादर एकमेकांना शांतीचं चिन्ह द्यायला सांगतात. आपल्याकडे त्या वेळी हात जोडून मान डावी-उजवीकडे फिरवायची पद्धत आहे. न बोलणाऱ्यांच्या ती फार सोयीची. नमस्कार डावीकडून सुरू होतो, मधल्या एका चेहऱ्यावरून सफाईने पुढे सरकतो आणि उजवीकडे पोचतो. हस्तांदोलन असतं तर निदान हात आखडता घेतलेला दिसला तरी असता.

ह्या प्रकाराला क्षमेच्या थोर शिकवणीचीही गरज नाही. थोडी विनोदबुद्धी आणि 'सूर्य मावळण्याच्या आत तुमचा राग संपावा' हे इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातलं वचन पुरेसं आहे. मी ह्यावर जास्त लिहीत नाही, कारण ह्यातून कोणाचं घर जात नाही, कोणाचा हात मोडत नाही.

धोका आहे तो दुसऱ्या ठिकाणी, आणि तिथे अठराव्या अध्यायातला दृष्टान्तच नीट वाचला पाहिजे. पेत्राला आकडा सांगितल्यावर येशू एका राजाची गोष्ट सांगतो. एका दासाला राजाचं दहा हजार तालांतांचं देणं होतं. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दृष्टान्तावरून कळतं की एक दिनार ही मजुराची एका दिवसाची रोजी. म्हणजे दासाचं कर्ज 6 कोटी दिवसांच्या मजुरीइतकं. एकही सुट्टी न घेता फेडायचं म्हटलं तर दीड लाख वर्षांहून जास्त. राजाला दया येते आणि तो सगळं माफ करतो. तोच दास बाहेर पडतो आणि आपले शंभर दिनार देणं असलेल्या सोबतच्या दासाचा गळा धरतो, त्याला तुरुंगात टाकतो.

प्रवचनांतून हे शंभर दिनार अगदी चिल्लर असल्यासारखे सांगितले जातात. ते चिल्लर नव्हते. शंभर दिवसांची मजुरी होती. आज बिगाऱ्याची रोजी सहाशे धरली तर साठ हजार रुपये. माणसाने माणसाचं केलेलं नुकसान खरंखुरं असतं, ही गोष्ट दृष्टान्ताने लपवलेली नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ह्या गोष्टीत क्षमा कोणाकडून अपेक्षित आहे? राजाकडून, आणि मग त्या दासाकडून, जो त्या क्षणी दुसऱ्याचा गळा धरण्याच्या स्थितीत आहे. दोन्ही वेळा वरचढ माणसाकडून. ज्याचा गळा धरला आहे त्याला कोणी जाऊन सांगत नाही की बाबा, तू ह्याला क्षमा कर. सोबतचे दास काय करतात तेही पाहण्यासारखं आहे. एकतिसावं वचन म्हणतं, झालेला प्रकार पाहून ते फार दुःखी झाले आणि त्यांनी जाऊन सगळं राजाला सांगितलं. म्हणजे तक्रार केली. आणि राजानेही 'मिटवा आपापसात' असं म्हटलं नाही.

आता ही गोष्ट आपल्या गावात आणू. वसई पट्ट्यातलं म्हणा किंवा उत्तनकडचं म्हणा, घरोघरी थोड्याफार फरकाने घडणारं हे प्रकरण आहे. वडील गेले, महिन्याची मिस्सा झाली. दोन भाऊ, एक बहीण. केळीची वाडी होती, तिच्या कडेला बावखल म्हणजे पाण्याचं छोटं तळं होतं, ते आता भरून टाकलं आहे कारण बिल्डरला सपाट जमीन लागते. सातबाऱ्यावर तिघांची नावं लागायची आहेत. एका संध्याकाळी मोठा भाऊ बहिणीकडे येतो, मिठाईचा बॉक्स असतो, तिच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी होते. मग पिशवीतून हक्कसोड पत्राचा मसुदा निघतो. 'बाय, तुझं सासर चांगलं आहे. माहेर तुला तुटायला नको ना?'

कायदा ह्या बाबतीत अगदी स्वच्छ आहे. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेचा एक तृतीयांश विधवेला आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे, आणि त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. बहीण म्हणते, मी सही करणार नाही. आणि इथून क्षमेचा उपदेश सुरू होतो. तिला. मावश्या येतात, प्रार्थना गटातल्या बायका येतात, एखादे निवृत्त गुरुजी येतात. भाऊ आहे तुझा. मन मोठं कर. येशूने वैऱ्यालाही क्षमा केली. ज्याने तिचा वाटा मागितला त्याच्या घरी ह्यांपैकी कोणी जात नाही. त्याच्याकडे कसला उपदेश घेऊन जायचा हे कोणाला सुचतही नाही.

खरं तर त्याच्यासाठीही वचन आहे, आणि ते डोंगरावरच्या प्रवचनातलं आहे. तू वेदीपाशी आपलं दान आणलंस आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दान दे. हे वचन अपराध करणाऱ्याला उद्देशून आहे. उठायचं आहे त्याने. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात अपराधी निघतो, अठराव्या अध्यायात दुखावलेला निघतो. दोघांनीही निघावं अशी ही योजना. आपल्याकडे एकाच बाजूला पिटाळतात, आणि जी बाजू नमती घ्यायला सवकलेली आहे तिलाच.

ह्यावर ज्यांचा बायबलचा अभ्यास आहे ते प्रेषित पौलाकडे जातात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल विचारतो, भाऊ भावावर फिर्याद करतो आणि तीही अविश्वासणाऱ्यांपुढे? त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही? वचन खरं आहे आणि बोचरंही आहे. पण त्याच्या मागचं-पुढचंही वाचावं. आधी पौल विचारतो, भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? म्हणजे त्याला निवाडा हवा आहे, मंडळीत हवा आहे. आणि पुढच्याच वचनात तो म्हणतो, तुम्हीच अन्याय करता, लुबाडता, आणि तेही भावांना. ज्या मंडळीने निवाड्याचं काम कधी अंगावर घेतलं नाही, तिने 'कोर्टात जाऊ नकोस' एवढं अर्धं वचन बहिणीच्या तोंडावर फेकायचं, ह्यात पौलाचा काही दोष नाही.

एक अडचण मात्र मी मान्य करतो. वारशाची वाटणी करून द्या म्हणून एक जण येशूकडे आला होता. येशूने ते काम नाकारलं. मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं, असं विचारलं आणि लोभापासून सांभाळा असा इशारा दिला. म्हणजे वाटा मागणाऱ्यालाही लोभ तपासावा लागतो, हे बहिणीलाही लागू आहे. पण लोभ तपासायचाच तर तो आधी कोणाचा तपासावा, आपल्या वाट्याचं मागणाऱ्याचा की दुसऱ्याच्या वाट्यावर सही मागणाऱ्याचा?

जमिनीचं निदान पुढेमागे काही होऊ शकतं. मार खाणाऱ्या बाईचं तसं नसतं. 'क्षमा कर आणि घरी जा' हा सल्ला तिला माहेरीही मिळतो आणि मंडळीतही. मोठ्या श्रद्धेने मिळतो, हे जास्त वाईट. सल्ला देणारे दुष्ट नसतात. त्यांना संसार वाचवायचा असतो. त्यांच्या मनात क्षमा करणं आणि परत नांदायला जाणं ही एकच गोष्ट असते, आणि ही गल्लत केवळ त्यांचीच नाही. 1869 च्या भारतीय घटस्फोट कायद्याने ती कायद्यातही बसवली होती. जोडीदाराचा व्यभिचार अर्जदाराने माफ केला असेल तर अर्ज टिकत नसे, आणि माफी झाली असं केव्हा धरायचं, तर दोघांचं एकत्र नांदणं पुन्हा सुरू झालं किंवा चालूच राहिलं असेल तर. म्हणजे माफी दिली की तक्रार संपली, आणि माफीची खूण म्हणजे नांदायला जाणं.

त्याच कायद्यात नवऱ्याला घटस्फोटासाठी बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरेसं होतं. बायकोला मात्र नवऱ्याची नुसती मारझोड दाखवून भागत नसे, मारझोडीच्या जोडीला व्यभिचारही सिद्ध करावा लागे. ही तरतूद घटनाबाह्य ठरवली ती मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने, 1997 साली प्रगती वर्गीस यांच्या खटल्यात, आणि संसदेने कायदा बदलला 2001 मध्ये. सव्वाशेहून जास्त वर्षं ख्रिस्ती बाईला केवळ मारहाणीच्या कारणाने घटस्फोट मागता येत नव्हता. एवढा काळ जे कायद्यात होतं ते मनातून एका पिढीत जात नाही.

गंमत अशी की ज्या चर्चच्या नावाने हा सल्ला दिला जातो, त्या कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदा तसं सांगत नाही. 1983 च्या धर्मविधीसंहितेतला 1153 वा नियम म्हणतो की जोडीदारापासून आपल्याला किंवा मुलांना शरीराचा वा मनाचा गंभीर धोका असेल तर वेगळं होण्याला रास्त कारण आहे, आणि उशीर केल्याने धोका वाढत असेल तर बिशपांच्या परवानगीची वाट न पाहता स्वतःच्या अधिकारात निघता येतं. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये कुटुंबाविषयी लिहिताना वेगळं होणं कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरतं असं म्हटलं. विवाहपूर्व शिबिरात तरुण-तरुणींना संसाराच्या सात गोष्टी सांगतात, त्यांत ही एक सांगायला हरकत नसावी.

मोठ्या अपराधाला बायबल लहान अपराधाचा नियम लावत नाही, हे इथे ध्यानात घेतलं पाहिजे. दिवसातून सात वेळा चुकणाऱ्याचा शब्द पुरे, पण बाप्तिस्मा करणारा योहान यार्देनेवर आलेल्यांना सांगतो, पश्चात्तापाला शोभतील अशी फळं दाखवा. जक्कय हा जकातदार येशू घरी आल्यावर नुसता रडला नाही. ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देतो, असं उभं राहून म्हणाला. त्यानंतर येशू म्हणाला, आज ह्या घराला तारण मिळालं. कॅथलिक धर्मशिक्षणही हेच सांगतं. पापनिवेदन केलं, फादरांनी पापक्षमा दिली, तरी चोरलेली वस्तू परत करावी लागते, बदनामी केली असेल तर त्या माणसाचं नाव पुन्हा उजळून द्यावं लागतं, इजा केली असेल तर भरपाई द्यावी लागते. पापनिवेदनाच्या खुर्चीत देवाकडे जी शिस्त लागते, ती बाहेर पडल्यावर बायको-बहिणींपुढे माफ कशी होते?

आणि ज्यांची उदाहरणं आपण अभिमानाने देतो त्यांच्याकडे तरी नीट बघतो का? सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात उदयनगर भागात भूमिहीन शेतमजुरांना संघटित करत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी समंदर सिंग ह्या माणसाने त्यांना बसच्या प्रवासात भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. सिस्टरांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, ह्याही सिस्टरच, 2002 मध्ये तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याला राखी बांधली. 2006 मध्ये तो सुटला, सुटकेसाठी सिस्टरांच्या कुटुंबीयांनीही आपली संमती दिली होती. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. ही कथा प्रवचनात राखीपासून सुरू होते. पण राखीच्या आधी खटला होता, शिक्षा होती, तुरुंगातली वर्षं होती, त्या माणसाचा पश्चात्ताप होता. आणि राखी हे काही 'जा, मोकळा झालास' असं सांगणारं पत्र नव्हे. आपल्याकडे राखी बांधून घेणाऱ्याच्या गळ्यात जबाबदारी पडते, मोकळीक मिळत नाही.

आता सगळ्यात अवघड जागा. क्रुसावर खिळलेला येशू म्हणाला, हे बापा, त्यांना क्षमा कर, ते काय करत आहेत हे त्यांना समजत नाही. तिथे ना पश्चात्ताप होता, ना भरपाई, ना साक्षीदारांची पायरी. खिळे मारणारे खाली कपड्यांवर चिठ्ठ्या टाकत होते. तेव्हा ख्रिस्ती माणसाला क्षमेची अट घालण्याचा अधिकार उरतो का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो उडवून लावण्यासारखा नाही.

मला त्याचं उत्तर असं दिसतं. सूड सोडणं, शत्रूसाठी प्रार्थना करणं, त्याचं वाटोळं व्हावं असं न वाटणं, ही क्षमा ख्रिस्ती माणसाने एकट्याने, अटींविना करायची आहे, आणि ती जमेपर्यंत देवाकडे मागत राहायची आहे. इथे सूट नाही. मार खाऊन माहेरी आलेल्या बाईलाही नाही, फक्त तिला वेळ लागेल आणि तो देणं हे इतरांचं काम. पण तुटलेलं नातं पुन्हा जोडणं, त्या घरात परत जाणं, सही करणं, खटला मागे घेणं, हे दोघांचं काम आहे आणि एकाने कितीही मोठं मन केलं तरी ते एकाला पार पाडता येत नाही. शिवाय क्रुसाखाली जे उभे होते, त्याची आई, योहान, मग्दालेची मरिया, त्यांच्यापैकी कोणी वर बघून त्याला 'जाऊ दे, क्षमा कर' असं म्हटलं नव्हतं. क्षमा त्याने आपणहून केली. दुसऱ्याच्या जखमेवरची क्षमा आपल्या हाताने वाटायची उदारता तिथे कोणी दाखवली नाही.

आणि येशूनेही पुनरुत्थानानंतर पेत्राला कसं घेतलं पाहा. पेत्राने तीन वेळा त्याला नाकारलं होतं, महायाजकाच्या अंगणात, कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना. योहानाच्या शेवटच्या अध्यायात तिबिर्याच्या किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासे भाजलेले आहेत. न्याहारी झाल्यावर येशू विचारतो, तू माझ्यावर प्रेम करतोस काय? एकदा नाही, तीन वेळा. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला असं योहान मुद्दाम लिहितो. येशूला ते एका वाक्यात आटोपता आलं असतं. झालं गेलं गंगेला मिळालं, असं त्याने म्हटलं नाही. जितक्या वेळा नाकारलं तितक्या वेळा विचारलं, आणि मग मेंढरं सांभाळायला दिली.

आपल्याकडे क्षमा म्हणजे विसरणं, असा एक जोडसल्ला असतो. लक्ष्मीबाई टिळकांनी तो मानला नाही, हे मराठी साहित्याचं नशीब. 1895 मध्ये रेव्हरंड टिळकांनी त्यांना न सांगता मुंबईत बाप्तिस्मा घेतला, मग काही वर्षं दोघं वेगळी राहिली, पुढे त्या नगरला टिळकांकडे गेल्या आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचा विक्षिप्तपणा, संताप, हातात पैसा न टिकणं, ह्यातलं काहीही त्या विसरल्या नाहीत. सगळं लिहून ठेवलं, आणि असं की वाचणारा हसतो. नवऱ्यावर एवढं प्रेम आणि एवढी थट्टा एकाच पानावर करणारी बाई विसरून क्षमा करत नव्हती, आठवून करत होती.

अलीकडे क्षमेचं एक नवं समर्थन ऐकू येतं, तेही जाता जाता पाहू. क्षमा करा, तुमचं ब्लडप्रेशर उतरेल, झोप लागेल. लागत असेलही. पण ज्या क्षमेत समोरच्या माणसाची गरजच नाही, त्याचं काय झालं, तो सुधारला की आणखी बिघडला ह्याच्याशी देणंघेणं नाही, ती बरी झोप आहे, शुभवर्तमानातली क्षमा नव्हे. येशूने अठराव्या अध्यायात हेतू सांगितला आहे : तुला तुझा भाऊ मिळेल. भाऊ मिळवायचा तर त्याला त्याचा अपराध कळावा लागतो, आणि तो कळवण्याची जबाबदारी सहसा कोणाला नको असते. म्हणून तर 'क्षमा कर' हा सल्ला इतका स्वस्त आहे. देणाऱ्याला त्यात अपराध्याच्या दारात जावं लागत नाही.

असं जाब विचारत बसलं तर कुटुंबं तुटतील, असा आक्षेप येणारच. तुटलेली आहेतच. ज्या बहिणीने रडत सही केली ती पुढे गावच्या सणाला दोन तास येते, जेवायला थांबत नाही, आणि भाऊ सगळ्यांना सांगतो की आमच्यात काही नाही. जी बायको चौथ्यांदा क्षमा करून परत गेली, तिच्या मुलांना घरात काय चाललंय हे शेजाऱ्यांपेक्षा आधी कळतं. अशा घराला एकत्र म्हणायचं असेल तर म्हणावं.

मंडळीला करण्यासारखं काम आहे, आणि त्यासाठी नवा ठराव लागत नाही. मार खाणारी बाई फादरांकडे, पाळकांकडे किंवा सिस्टरांकडे आली की पहिला प्रश्न 'तू त्याला क्षमा केलीस का' हा नसावा. आज रात्री तू आणि मुलं कुठे झोपणार, हा असावा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण अधिकारी नेमले आहेत आणि तिला त्याच घरात राहण्याचा हक्कही दिला आहे, म्हणजे दर वेळी घर सोडायची पाळी तिच्यावर यायलाच हवी असं नाही. संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर पॅरिश ऑफिसच्या भिंतीवर मिस्सेच्या वेळापत्रकाशेजारी लावता येतो. जमिनीच्या भांडणात जे चौघं बहिणीकडे जाणार आहेत त्यांनी आधी भावाकडे जावं, हा तर अठराव्या अध्यायातला सरळ आदेश आहे.

वाचनांच्या क्रमाचंही एक आहे. कॅथलिक चर्चच्या तीन वर्षांच्या वाचनचक्रात 'अ' वर्षी, सप्टेंबरात लागोपाठच्या दोन रविवारी हा अध्याय येतो. पहिल्या रविवारी पंधरा ते वीस, दुसऱ्या रविवारी एकवीसपासून पुढे. मधे आठवडा जातो, माणसं वेगळी असतात, फादर वेगळे असतात. उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी तर फक्त दुसरा भाग वाचतात. वाचनं बदलणं कोणा एका फादरांच्या हातात नाही, प्रवचन मात्र आहे. दुसऱ्या रविवारी वेदीवरून बोलणाऱ्याने आधी मागच्या रविवारची सहा वचनं पुन्हा वाचून दाखवावीत, आणि 'भाऊ' हा शब्द आला की बाकांच्या दोन्ही बाजूंकडे सारखंच बघावं.